आधी अट, मग सही

महाराष्ट्रात आईने किंवा वडिलांनी राहते घर अथवा शेतजमीन बक्षीसपत्राने मुलाच्या नावे केली, तर त्या दस्तावर मुद्रांक शुल्क लागते 200 रुपये. नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातू-नात आणि मयत मुलाची पत्नी यांच्यासाठी ही सवलत आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा घरातल्याच माणसासाठी मोबदला न घेता हक्कसोडपत्राने सोडला, तर तिथेही शुल्क नाममात्रच. सवलतीमागचा हेतू चांगला आहे. घरातली मिळकत घरातच राहणार असेल तर सरकारने त्यावर बाजारभावाने शुल्क कशाला घ्यावे, हा विचार रास्तच म्हणायला हवा. पण देणे इतके स्वस्त आणि सोपे करताना एक प्रश्न विचारायचा राहून गेला. सगळे देऊन टाकल्यावर देणारी व्यक्ती राहणार कुठे, तिला दोन वेळा जेवायला कोण घालणार आणि ती अंथरुणाला खिळली तर खर्च कोण करणार? आज हा प्रश्न उपस्थित होतो तो फार उशिरा, घराबाहेर काढलेली म्हातारी माणसे प्रांत कार्यालयात अर्ज घेऊन उभी राहतात तेव्हा. तो सही होण्याआधी, दुय्यम निबंधकाच्या समोर विचारला गेला पाहिजे आणि त्याचे उत्तर दस्तातच लिहिले गेले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

रत्नागिरी जिल्ह्याला हा विषय इतका का लागू पडतो, हे समजायला जनगणनेतले दोन आकडे पुरेत. 2001 साली जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 96 हजार 777 होती; 2011 साली ती 16 लाख 15 हजार 69 भरली. सारे राज्य वाढत असताना हा जिल्हा जवळजवळ पाच टक्क्यांनी आटला. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इथे 1122 स्त्रिया होत्या. या आकड्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. कमावते पुरुष मुंबई-पुण्याला गेले आणि मागे बायका व म्हातारी माणसे उरली, एवढाच त्याचा अर्थ. मंडणगडपासून राजापूरपर्यंतच्या वाड्यावाड्यांतून बंद घरे दिसतात, आणि जी उघडी असतात त्यांतल्या कित्येकांत एखादी विधवा बाई एकटी राहते. तिच्याजवळ असते काय? ते घर, चार कलमे आणि सातबाऱ्यावरचे नाव. तो सातबाराही सामाईक, दहा-वीस-तीस नावांचा. त्यातले काही मुंबईत, काही कधीच वारलेले आणि त्यांची वारसनोंद राहिलेली. जोवर कातळाला किंमत नव्हती तोवर या नावांकडे कुणी पाहिले नाही. मग कोकण रेल्वे आली, महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी भूसंपादन झाले, तेलशुद्धीकरण प्रकल्पामुळे नाणार आणि पुढे बारसू ही नावे बातम्यांत गाजू लागली तसे त्या भागातल्या जमिनींचे व्यवहार वाढले, समुद्राकाठी दुसरे घर हवे असणारी मंडळी जागा शोधत फिरू लागली. जमिनीला भाव आला तसा म्हाताऱ्या माणसाच्या सहीलाही भाव आला.

वृद्धांचा छळ म्हटला की मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणे डोळ्यांसमोर येते. तेही घडते. पण मिळकत काढून घेण्याचे काम बहुधा शांतपणे, चहा पिता पिता होते. गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी घरी येतात. वडील जाऊन काही वर्षे झालेली असतात, वारस तपास करायचा असतो. आईचे नाव लागते आणि त्याच ओघात तिच्याकडून हक्कसोडपत्रही करून घेतले जाते, कारण ‘पुढे पोरांना त्रास नको’. कुठे सर्वाधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र होते आणि त्यात विक्रीचा अधिकार आहे हे तिला कुणी वाचून दाखवत नाही. कुठे मुदतठेव मोडली जाते, एटीएम कार्ड आणि पिन दुसऱ्याच्या खिशात जातो. यातला खरा अवघडपणा असा की हे सगळे करणारा मुलगा पुष्कळदा सज्जनच असतो. त्याला बागेसाठी कर्ज हवे असते, घराची दुरुस्ती करायची असते, भावाभावांत वाटणी मिटवायची असते. सांभाळणारा मुलगा आणि लुबाडणारा मुलगा दोघेही तोच कागद आणतात आणि तेच शब्द बोलतात. फरक कळायला दोन-चार वर्षे जावी लागतात. म्हणूनच आईची सुरक्षितता मुलाच्या स्वभावाच्या अंदाजावर सोडता येत नाही.

तक्रार झाली की बघू, असे म्हणणाऱ्यांनी तक्रारींचे वास्तव पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात साठीपुढच्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावे लागते, आणि चोवीस प्रकरणांतले एखादेच उजेडात येते. आपल्याकडे ‘हेल्पएज इंडिया’ने 2018 साली 23 शहरांत केलेल्या पाहणीत सुमारे चौथा हिस्सा ज्येष्ठांनी आपला छळ झाल्याचे सांगितले. छळ करणाऱ्यांत मुलगा 52 टक्के आणि सून 34 टक्के, असे त्यांचेच सांगणे होते. छळ सोसलेल्यांपैकी 82 टक्के लोकांनी कुठेही तक्रार केलेली नव्हती. ही पाहणी शहरांतली आहे. जिथे पोलीस ठाणे वीस-पंचवीस किलोमीटरवर, गावात सगळे भाऊबंद, आणि तक्रार लिहून देणारासुद्धा मुलाच्या ओळखीचा, तिथे तोंड उघडणे याहून सोपे असेल असे मानायला काही आधार नाही. आईला मुलाची बदनामी नको असते, नातवंडे तुटायला नको असतात, आणि आज तक्रार केली तर उद्या रात्री झोपायचे कुठे हेही तिला ठाऊक नसते. जो कायदा तिच्या तक्रारीवाचून हलत नाही, तो तिच्यापर्यंत पोचणार नाही.

कायदा मात्र आहे, आणि तो वाईट नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम 2007 साली संसदेने केला. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला आणि 2010 मध्ये राज्याचे नियम आले. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत प्रांत, हे त्याखालचे न्यायाधिकरण. निर्वाहाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाली काढायचा. फार तर आणखी तीस दिवस. मूल नसलेल्या ज्येष्ठांनाही संरक्षण आहे: ज्याच्याकडे त्यांची मिळकत आहे किंवा पुढे जाणार आहे, तो पुतण्या-भाचाही सांभाळायला बांधील आहे. कोकणात निपुत्रिक काकू आणि आत्या पुतण्याच्या भरवशावर राहतात, त्यांच्यासाठी ही तरतूद फार मोलाची. आणि कलम 23 तर थेट आपल्या विषयाचे. ज्येष्ठाने बक्षीस देऊन किंवा अन्य प्रकारे मिळकत दिली, घेणाऱ्याने त्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी त्या देण्याला अट होती, आणि घेणाऱ्याने ती मोडली, तर ते हस्तांतरण फसवणुकीने वा दडपणाने झाले असे समजून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. एरवी 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे एकदा दिलेले बक्षीस मनात आले म्हणून परत घेता येत नाही. त्या कठोर नियमाला कलम 23 ने एक दार ठेवले. त्या दाराची किल्ली एकाच शब्दात आहे: अट.

आणि नेमकी तीच दस्तात नसते. डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की सांभाळण्याची अट हस्तांतरणाला जोडलेली होती हे दाखवता आले पाहिजे. प्रेमापोटी बिनशर्त दिलेले असेल तर कलम 23 उपयोगी पडणार नाही. तो खटला हक्कसोडपत्राचाच होता. पुढे 2 जानेवारी 2025 रोजी उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचे बक्षीसपत्र रद्द केले, हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावा असे बजावले, आणि मिळकतीचा ताबा परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते हे मान्य केले. पण त्या आईच्या हातात मुलाने लिहून दिल्याचे सांगितले जाणारे एक वेगळे वचनपत्र होते, हे विसरून चालणार नाही. मार्च 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालय आणखी पुढे गेले: आईबापांनी मुलांना प्रेमापोटी दिले म्हणजे सांभाळण्याची अट त्यात गृहीतच आहे, लिहिलेली असो वा नसो. माणूस म्हणून मला हा निकाल सर्वांत जवळचा वाटतो. पण राजापूरच्या प्रांतांवर तो बंधनकारक नाही. थोडक्यात, घर परत मिळणार की नाही हे त्या बाईने काय दिले आणि का दिले यावर ठरत नाही. दस्त लिहिणाऱ्याने त्या दिवशी एक वाक्य टाकले की नाही, आणि प्रकरण कुणासमोर गेले, यावर ठरते. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या माणसाचे छप्पर अशा योगायोगावर टांगून ठेवणे मला अमान्य आहे.

दस्त लिहिले कसे जातात? ठरलेल्या नमुन्यावर. त्यात ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ हे शब्द हमखास असतात. देणारीला ते सद्भावनेचे वाटतात. पुढे कज्जा झाला की हेच शब्द तिच्याविरुद्ध वाचून दाखवले जातात: बघा, बिनशर्त दिले होते. दुय्यम निबंधक ओळख पाहतो, फोटो-अंगठा घेतो, साक्षीदार पाहतो आणि सही तुमचीच का, एवढी कबुली घेतो. 1908च्या नोंदणी कायद्याने त्याच्यावर टाकलेले काम तेवढेच आहे, त्यात त्याचा दोष नाही. नमुना मात्र बदलता येतो. साठी उलटलेल्या व्यक्तीने मोबदल्याशिवाय केलेल्या प्रत्येक बक्षीसपत्रात आणि हक्कसोडपत्रात, देणाऱ्याला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क राहील, घेणारा त्याचे अन्न, वस्त्र, औषधोपचार पाहील, आणि न पाहिल्यास कलम 23 लागू होईल, हे कलम आपोआप असले पाहिजे. ते नको असेल तर देणाऱ्याने तसे निबंधकासमोर, घेणारा खोलीबाहेर असताना, स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि तशी नोंद व्हावी. दस्त मराठीत मोठ्याने वाचून दाखवला जावा. मुद्रांक शुल्कात सवलत देणारे सरकार सवलतीच्या बदल्यात एवढे मागू शकते. दहा मिनिटांचे काम आहे हे.

अट लिहून भागत नाही, ती दिसलीही पाहिजे. कायद्याच्या कलम 23 मध्येच आणखी एक बारकावा आहे, ज्याची चर्चा फारशी होत नाही. मिळकतीतून निर्वाह मिळण्याचा ज्येष्ठाचा हक्क, ती मिळकत पुढे तिसऱ्याकडे गेली तरी, त्या तिसऱ्यावर बजावता येतो. मात्र त्याला या हक्काची कल्पना असली पाहिजे, किंवा त्याला ती फुकट मिळालेली असली पाहिजे. ज्याने पैसे मोजून आणि काही ठाऊक नसताना घेतली, त्याच्यावर हा हक्क चालत नाही. मुलाने बक्षीस मिळालेली जमीन पुढे बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकली की आईचा हक्क तिथेच संपला. गिऱ्हाईक बघतो काय, तर सातबारा. त्या उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. त्यात कूळ येते, वाटेचा हक्क येतो, सोसायटीचा आणि बँकेचा बोजा येतो. जुन्या दप्तरात पोटगीच्या हक्काच्या नोंदीही आढळतात. पीककर्जाचा बोजा ज्या तत्परतेने चढतो त्याच तत्परतेने आईचा राहण्याचा आणि निर्वाहाचा हक्क तिथे चढला, तर पुढचा कुणीही खरेदीदार ‘मला माहीत नव्हते’ म्हणू शकणार नाही. आता दस्त नोंदला की फेरफाराची प्रक्रिया संगणकावर सुरू होते, त्यामुळे या नोंदीसाठी तिला वेगळा अर्ज करावा लागण्याचे कारण नाही. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या घरपट्टी उताऱ्यावर तसाच शेरा हवा.

यावर पहिला आक्षेप भावनेचा येईल, आणि तो हलका नाही. आईने लेकराला द्यायचे आणि वर अट घालायची? याने घराचे कोर्ट होईल, म्हातारी माणसेच म्हणतील की आम्हाला पोरावर अविश्वास दाखवायचा नाही. म्हणूनच अट घालण्याचे ओझे त्यांच्यावर टाकू नये, नमुन्यानेच ते उचलावे, असे मी म्हणतो. सगळ्यांनाच असलेली अट कुणाचाही अपमान करत नाही. जो मुलगा आईला सांभाळतो आहे त्याला या कलमाने एक पैशाचा भुर्दंड पडत नाही. तो करतो आहे तेच त्यात लिहिलेले असते. उलट त्याचे संरक्षणच होते. ‘म्हातारीला फसवून सह्या घेतल्यास’ असा आरोप उद्या भावा-बहिणींनी केला, तर आईने एकटीने, सगळे ऐकून, विचारून घेऊन दिले, याचा पुरावा त्याच्याजवळ राहील. ज्येष्ठांना लहान मुलासारखे वागवू नका असाही एक सूर असतो. तो मला मान्य आहे, आणि म्हणून अट नाकारण्याचा अधिकार त्यांच्याकडेच ठेवला पाहिजे. फक्त तो घेणाऱ्याच्या नजरेसमोर बजावायला लावू नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. असा शेरा असलेल्या जमिनीवर बँक कर्ज देणार नाही, बागायतदार मुलाची अडचण होईल. काही अडचण होईल, हे खोटे नाही. पण कर्जाच्या कागदावर आईनेही संमतीची सही केली की वाट निघते. सामाईक खात्यांवर कर्ज काढताना इतर हिस्सेदारांची संमती घ्यावी लागतेच. जमीन गहाण पडताना किंवा विकली जाताना आईला विचारावे लागेल, हाच तर या सगळ्याचा उद्देश. काही व्यवहार महिनाभर लांबतील. ते लांबावेत.

सुनेचे काय, हाही प्रश्न रास्त आहे. ज्येष्ठांच्या कायद्याचा आधार घेऊन नांदत्या सुनेला घराबाहेर काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत. 15 डिसेंबर 2020 रोजी एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला: कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या 2005च्या कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा जो हक्क दिला आहे, तो ज्येष्ठांच्या कायद्याने पुसता येणार नाही. एका असहाय बाईला वाचवताना दुसरीला रस्त्यावर आणायचे नाही, हे तत्त्व सोडून चालणार नाही. मी सुचवतो ती अट देणारीच्या राहण्या-जेवण्याची आहे, इतरांना हाकलण्याची नाही, आणि ती मोडली की नाही हे दोन्ही बाजू ऐकूनच ठरेल.

जाणते वकील म्हणतील, बक्षीसपत्र करूच नका, मृत्युपत्र करा. अगदी योग्य सल्ला. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, हयातीत ते कितीदाही बदलता येते आणि शेवटच्या श्वासापर्यंत मिळकत स्वतःच्या नावावर राहते. ज्यांना शक्य आहे त्यांनी तेच करावे. पण वाटण्या, कर्जे, घरबांधणी यांसाठी आजच नाव लागण्याची निकड अनेक घरांत असते, आणि मुलांचा आग्रह मोडणे आईबापांना जड जाते. बक्षीसपत्रे होतच राहणार. होणार असतील तर ती सुरक्षित करणे हे सरकारचे काम आहे. आसामने 2017 साली आईवडिलांना न सांभाळणाऱ्या सरकारी नोकरांच्या पगारातून रक्कम कापून त्यांना देण्याचा कायदा केला. लातूर जिल्हा परिषदेनेही अशा कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापण्याचा निर्णय घेतला. हे उपाय चांगले, पण ते नोकरदारापुरतेच. मुंबईत रिक्षा चालवणाऱ्या किंवा खासगी कंपनीत हंगामी कामावर असणाऱ्या मुलाचा पगार कोण कापणार?

ज्यांच्या नावावर काहीच नाही, त्यांना या सुधारणेने काही मिळणार नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांचा आधार श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये आणि न्यायाधिकरणाने ठरवलेला निर्वाह. त्या निर्वाहाला 2007 साली महिना 10 हजारांची कमाल मर्यादा घातली गेली. ती काढून टाकणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आले आणि 2024 मध्ये सतरावी लोकसभा संपताच बाद झाले. औषधांच्या किमती 2007 पासून कुठे गेल्या हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते विधेयक पुन्हा आणण्यासाठी आपल्या खासदारांना विचारायला हवे.

दस्ताचा नमुना बदलण्यासाठी मात्र दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. नोंदणी आणि महसूल ही दोन्ही खाती राज्याच्या हातात आहेत, आणि ज्येष्ठांच्या जीविताचे व मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी सर्वंकष कृती आराखडा करण्याची जबाबदारी 2007च्या कायद्याच्या कलम 22 ने राज्यावरच टाकली आहे. जिथे गाव रिकामे होत चालले आहे आणि जमीन महाग होत चालली आहे, त्या रत्नागिरीपासून सुरुवात करता येईल. तोवर, ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी हातपाय गाळू नयेत. दस्त 1 मार्च 2009 नंतरचा असेल आणि सांभाळण्याचे कबूल करून कुणी पाठ फिरवली असेल, तर प्रांत कार्यालयात अर्ज करता येतो. त्याला वकील लागत नाही. स्वतःला जाता येत नसेल तर विश्वासातली व्यक्ती किंवा एखादी संस्था तुमच्या वतीने अर्ज देऊ शकते. काय करावे हे कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तिचा क्रमांक 14567.